अंदाजे पन्नास वर्षांचा इसम

बुधवारी दुपारी फाटकाजवळच्या नोटीस बोर्डाच्या काचेत आप्पांना आधी स्वतःचा चष्मा दिसला, आणि मग चष्म्याच्या पलीकडे, काचेच्या आत, स्वतःच्या हातची खूण दिसली. फोटो काढून, मोठी करून छापलेली. एक टिंब, टिंबाभोवती लाल वर्तुळ, वर्तुळातून निघून उजवीकडे गेलेली रेघ आणि रेघेच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं. छत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासताना ही खूण त्यांनी किती वेळा केली असेल याची गणती नाही. तिचा अर्थ एवढाच, की हे जादा पडलंय, काढून टाका. इथे मात्र तिच्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'चोरट्यांची सांकेतिक खूण. रहिवाशांनी सावध रहावे.' रहावे नाही, राहावे, असं त्यांच्या मनात आपोआप आलं, हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि पेन्सिलीला बोट लागताच तिथेच थिजला. त्यांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. वॉचमन आपल्या खोलीत रेडिओ लावून पेंगत होता.

नोटीस त्यांनी तीन वेळा वाचली. एकदा वाचून मजकूर कळतो, दुसऱ्यांदा वाचून चुका कळतात, तिसऱ्यांदा वाचायचं ते केवळ विश्वास बसत नाही म्हणून. वसाहतीतले गुन्हे: गेल्या वर्षी एक, यंदा तीन, वाढ तीनशे टक्के. एकाचे तीन झाले म्हणजे दोन वाढले, वाढ दोनशे टक्के. हे सांगायला गणितज्ञ लागत नाही, पण कोणाला सांगणार? पहिला गुन्हा, एक सायकल. दुसरा, बागेतला पितळी नळ. आणि तिसरा, ही खूण आणि तिच्यासोबतचा एक इसम. 'वय अंदाजे पन्नास, सडपातळ, खांद्यावर कापडी पिशवी. सदर इसम भर दुपारी फाटकांसमोर थांबून वहीत नोंदी करताना आढळला.' आप्पा एकाहत्तर वर्षांचे होते. अंदाजे पन्नास वाचून त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. म्हणजे चाळीस बंगल्यांच्या या वसाहतीतल्या यंदाच्या गुन्हेगारीचा एक तृतीयांश भाग आपण एकटे आहोत, असा त्यांनी हिशेब केला. आपल्याला वगळलं तर वाढ शंभर टक्क्यांवर येते. नोटिशीखाली सुरक्षा समितीच्या सचिवाची सही होती. सचिव म्हणजे आप्पांचा मुलगा.

तो शब्द पायाखाली आल्यासारखा घरापर्यंत अडखळवत राहिला. इसम. छापखान्यात गुन्ह्यांच्या बातम्यांचं पान त्यांच्याकडे असायचं, कारण ते पान दुसऱ्या कोणाला नको असायचं, आणि त्या पानावर रोज दोन-चार इसम असत. अज्ञात इसम, अनोळखी इसम, सदर इसम. चांगल्या बातमीत इसम कधी येत नाही. कोणी इसमाचा सत्कार करत नाही, कोणत्या इसमाला मुलगी होत नाही. एकदा जुन्या शब्दकोशात त्यांना सापडलं होतं, की मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ 'नाव' असा आहे. ज्याचं नाव माहीत नाही त्याला आपण नाव म्हणतो. हे त्यांनी त्या रात्रपाळीच्या उपसंपादकाला हौसेने सांगायला जायचं ठरवलं होतं, पण तो फोनवर होता, मग पान छपाईला गेलं, मग राहिलंच. त्यांच्या आयुष्यात सांगायच्या राहिलेल्या गोष्टींची एक वेगळी पुरवणी निघाली असती.

ती खूण केली त्या दिवशी झालं होतं ते इतकं साधं होतं, की सांगायला गेलं तर खोटं वाटावं. निवृत्तीनंतर दुपारची झोप लागेना, म्हणून ते वसाहतीत फिरायला लागले. आणि नजरेला वाचायची सवय, म्हणून फाटकांवरच्या पाट्या वाचायला लागले. पिशवीत वही असे. बंगला क्रमांक, पुढे चुकीचा प्रकार. '२२ – दीर्घ.' '३१ – रफार.' कोणाला दाखवायचं नव्हतं, सुधारायचंही नव्हतं. नुसतं टिपून ठेवलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. पण चौदा नंबरची पाटी सुटेना. 'कुत्र्यांपासून सावध.' कुत्रा एकच होता. तोही म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला. फाटकाच्या सळ्यांमधून नाक बाहेर काढून झोपायचा आणि आप्पांनी चप्पल वाजवली तरी कान हलवायचा नाही. डोक्यावर एक टिंब आणि एका कुत्र्याचे अनेक कुत्रे. रोज दुपारी ते त्या टिंबापाशी थांबत. रोज वाटे, जाऊ दे. आठ दिवसांपूर्वी सकाळीच सूनबाईशी काहीतरी क्षुल्लक बोलाचाली झाली होती, गीझर चालू राहिल्यावरून, आणि आपलं काही बोलूनच झालं नाही अशी ती तडफड घेऊन ते फिरत होते. चौदा नंबरपाशी आले, लाल पेन्सिल काढली, टिंबाभोवती गोल केला, रेघ ओढून पाटीच्या कडेला नेली आणि शेपटी काढली. हात किती सरसर चालला! किती वर्षांनी आपलं म्हणणं कुठेतरी उमटलं, असं वाटून ते घरी आले आणि चक्क झोपले.

संध्याकाळी जेवताना सूनबाई म्हणाली, "आप्पा, तुम्ही दुपारचे फिरता ना? तुम्हाला कोणी दिसलं नाही का?"

"कोण?"

"अहो तो माणूस. पिशवीवाला. तुमच्या अगदी वेळेला फिरतो म्हणे."

"मला... माझं लक्ष नसतं गं."

"तेच म्हणते मी. कोणी पाठीमागून येऊन पिशवी ओढली तरी कळायचं नाही तुम्हाला. हे बघा, उद्यापासून आतून कडी. आणि मागच्या बाजूला जाळी बसवायचीच आता, मी ह्यांना सांगितलंय."

मुलगा जेवता जेवता फोनवर येणारे निरोप वाचत होता. नोटिशीमुळे वसाहत जागी झाली होती. कधी न बोलणारे लोक त्याला धन्यवाद देत होते. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आप्पांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. नोकरीत वर चढायची संधी दोनदा हुकल्यापासून तो घरातही खांदे पाडून चालायचा. आप्पा म्हणाले, "वाढ दोनशे टक्के होते. तीनशे नाही."

"काय?"

"एकाचे तीन. म्हणजे वाढ दोनशे."

"आप्पा," मुलगा हसला, "लोक टक्के मोजत बसतात का? तीनशे वाचल्यावर चौदा जणांनी फाटकावर लावायच्या दिव्यांची चौकशी केली. दोनशे असते तर नऊ जणांनी केली असती." आणि तो पुन्हा फोनकडे वळला. आप्पांनी ताटात मान घातली. बोलायला हवं होतं ते टक्क्यांबद्दल नव्हतं. पण ते नेहमीच असं व्हायचं. मोठी चूक डोळ्यांसमोर असली की ते शेजारच्या लहान चुकीवर बोट ठेवायचे.

गुरुवारी माणूस सापडला. सूनबाईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. "तो नाही का, धारवाला? सायकलवर दगडाचं चाक लावून येतो तो. पन्नाशीचा, सडपातळ, पिशवी. सगळं जुळतंय. वॉचमनने फाटकातच अडवला. फोटो काढून घेतला. रविवारी सभेत जाब द्यायला ये, नाहीतर पोलिसांत देऊ म्हणून सांगितलंय." धारवाला आप्पांना ओळखत होता. पेन्सिलीला टोक करायचा त्यांचा छोटा चाकू तो दर पंधरवड्याला चाकावर धरून द्यायचा, अंगठ्याच्या नखावर धार बघायचा आणि म्हणायचा, "घ्या गुरुजी. आता माशीची मिशी काढा." शाळामास्तर समजून तो त्यांना गुरुजी म्हणायचा, आणि आप्पांनी ती चूक कधी दुरुस्त केली नव्हती. तेवढी एकच चूक त्यांनी आयुष्यात आवडीने राहू दिली.

मग शुक्रवार आणि शनिवार. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याची वाक्यं ते मनात जुळवत आणि जुळवलेली तपासत. 'मी सहज' नको, 'सहज' खोटं आहे. 'माझ्या हातून' नको, त्यात अपघाताचा सूर येतो. वाक्य सरळ केलं की मुलाचा चेहरा समोर येई. सचिवाच्या नोटिशीतला इसम म्हणजे सचिवाचा बाप. ही गोष्ट वसाहतीला जन्मभर पुरली असती. आणि त्या विचारामागून दुसराच एक माणूस वर येई, इस्त्रीचा शर्ट घातलेला, ज्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. फार जुनी गोष्ट. एका बातमीत 'अटक झालेली नाही' असं होतं, त्यातलं 'नाही' ओळ बदलताना गळलं आणि आप्पांच्या नजरेतून सुटलं. कोणा एका दुकानदाराला अटक झाल्याचं सकाळी सगळ्या गावाने वाचलं. दुपारी तो स्वतः ऑफिसात आला. आरडाओरडा केला नाही म्हणे. संपादकांच्या टेबलापाशी उभा राहून एवढंच विचारलं, "माझं 'नाही' कुठे गेलं?" शिपाई खाली धावत आला, "तुम्हाला वर बोलावलंय, तो माणूस शर्टाला इस्त्री करून आलाय." आप्पा मागच्या जिन्याने उतरून चहाच्या दुकानात जाऊन बसले. तासाभराने परतले तेव्हा तो गेला होता. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली, ती त्यांनीच तपासली, तिच्यात एकही चूक नव्हती. पण दुरुस्ती कोण वाचतं? त्या माणसाला वर जाऊन 'माझ्याकडून सुटलं' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे ते अजून ठरवू शकले नव्हते. कदाचित काहीच झालं नसतं. पण तो घरी जाताना एका माणसाचा चेहरा तरी बरोबर घेऊन गेला असता.

शनिवारी दुपारी मुलगा सभेची तयारी करत बसला होता. आप्पा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा आत गेले. "ती खूण," ते म्हणाले, "मला वाटतं, ती चोराची नसावी."

मुलाने मान वर केली नाही. "ते उद्या बघू."

"कदाचित कोणीतरी, म्हणजे एखाद्या वाचणाऱ्या माणसाने—"

"आप्पा." तो घाईने म्हणाला, फारच घाईने. "तुम्ही उद्या सभेला नाही आलात तरी चालेल. ऊन असतं."

ते बाहेर आले. बोलण्यात नेमकं काय खटकलं ते त्यांना कळेना. सभा छपराखाली होती. ऊन कुठलं?

रविवारी सकाळी दहाला गाड्या हलवून छपराखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षस्थानी मेजर. चौदा नंबर त्यांचाच. हयात विमा कंपनीत गेली, सैन्याशी संबंध मिशांपुरता. पण मेजर हे नाव वसाहतीने दिलं आणि त्यांनी ते हुद्द्यासारखं स्वीकारलं. धारवाला एका खांबाला टेकून उभा होता. सायकल फाटकाबाहेर ठेवायला लावली होती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शर्ट धुतलेला होता, इस्त्री नव्हती. आप्पांना पाहून त्याने मान हलवली. आप्पा मागच्या रांगेत बसले.

"ही खूण ओळखतोस?" मेजरनी फोटो दाखवला.

"नाही साहेब. मी सुऱ्या-कात्र्यांवाला माणूस."

"लिहिता येतं?"

"सहीपुरतं."

"म्हणजे येतं!" मेजर सभेकडे वळले. "आता नीट पाहा. टिंब म्हणजे घर. गोल म्हणजे घर हेरलं. रेघ म्हणजे पळायचा रस्ता. आणि हे वेटोळं म्हणजे—"

"कुत्रं," मागून कोणीतरी म्हणालं. "शेपूट आहे ते."

हशा पिकला. मेजर हसले नाहीत. "बरोबर. कुत्रं आहे म्हणून इशारा. बघा किती पोचलेले असतात हे लोक."

"साहेब," धारवाला म्हणाला, "मी बारा वर्षं येतोय इथे. चोरी करायची तर तुमच्या सगळ्या सुऱ्या माझ्याच हातात असतात की."

हे त्याने गमतीने म्हटलं. पण कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे बघून खुर्च्या मागे सरकवल्या. आप्पा उभे राहिले. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "ती खूण मी केली," ते म्हणाले. आवाज ओठांपाशीच विझला. त्यांनी पुन्हा म्हटलं.

"अहो, आजोबा काहीतरी म्हणताहेत," एक बाई म्हणाल्या.

"चहा शेवटी आहे, आप्पा," मेजर म्हणाले.

"खूण माझी आहे. कुत्रा एकच आहे. त्यामुळे 'त्र्या'वरचं टिंब... ते अनेकवचन होतं. मी काढायला सांगितलं होतं."

मग मेजरना कळलं. "ते टिंब मी मुद्दाम दिलंय आप्पा! रंगाऱ्याला सांगून! एकच कुत्रा आहे हे चोराला कळता कामा नये."

"पण व्याकरण—"

"चोर व्याकरण बघत नाही हो!"

या वेळी सगळे हसले, धारवालाही. हसू ओसरल्यावर त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "देवमाणूस आहेत आप्पा. गरिबाची दया येऊन अंगावर घेताहेत बघा." आणि पाहता पाहता सभेने हेच खरं मानलं. आप्पा म्हणाले, नाही, खरंच मी. आणि जितक्यांदा म्हणाले तितके ते जास्त थोर ठरत गेले. त्यांनी वही काढून दिली. मेजरनी दोन पानं चाळली, "छान छंद आहे," म्हणून शेजारी दिली. तिथून ती हातोहात फिरू लागली, लहान मुलाची चित्रकला फिरते तशी. याच नोंदी काल चोराच्या होत्या तेव्हा चाळीस घरांनी कड्या लावल्या होत्या. "मग करून दाखवा ना," कोणीतरी म्हणालं. नोटिशीची पाठकोरी प्रत आणि एक बॉलपेन त्यांच्या हातात आलं. ऐंशी डोळे. गोल तुटला, रेघ वाकली, शेपटी फिरलीच नाही. मेजरनी कागद फोटोशेजारी धरला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे कुठे, ते कुठे. बसा आप्पा. खाली बसा."

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. तो इतिवृत्त लिहीत होता. मान इतकी खाली, की नाक कागदाला लागावं. आणि तेव्हा त्यांना चरचरून आठवलं, की या पोराचे निबंध सातवीपर्यंत आपण तपासले आहेत, याच लाल रंगाने, ओळीओळीला, आणि तो पाय आपटून रडायचा, "शेपट्या नका काढू आप्पा, बाई विचारतात." खुणेचा तो फोटो याने स्वतः काढला होता. जवळ जाऊन, नीट उजेड बघून. तो ओळखणार नाही? त्याला बुधवारच्याही आधी कळलं होतं. आपण त्याला वाचवायला गप्प बसलो आणि तो आपल्याला वाचवायला, आणि दोघांच्या मध्ये हा माणूस खांबाला टेकून उभा आहे. "बोल ना," आप्पा म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांदेखत. "तुला माहीत आहे. बोल."

मुलाने वर पाहिलं. डोळे लाल होते. "आप्पा, बसा ना," तो म्हणाला. "प्लीज."

ठराव झाला. गुन्हा सिद्ध झालेला नसल्याने पोलिसांत देऊ नये. मात्र खबरदारी म्हणून सदर इसमास वसाहतीत प्रवेश देऊ नये. टाळ्या झाल्या. चहा आला.

धारवाला फाटकाबाहेर सायकलची घोडी काढत होता तेव्हा आप्पा त्याच्यापाशी पोचले. दम लागला होता. धारवाल्याने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "खरंच तुम्ही केली?"

"हो."

"आणि माझ्यावर आल्याचं कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार." त्याने चाकावरचा ओला फडका पिळला, झटकला. "तीन दिवसांत फोटो पुढच्या तिन्ही वसाहतींत गेला. काल दोन ठिकाणी परत पाठवलं मला. शाळेत होतात ना तुम्ही?"

"नाही. छापखान्यात."

"मग मी उगाच गुरुजी म्हणत होतो."

तो चालू लागला. आप्पाही चालू लागले. "मी येतो," ते म्हणाले, "पुढच्या फाटकावर मी सांगतो." धारवाल्याने नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. थोडं पुढे गेल्यावर एवढंच म्हणाला, "तिथे टिंबाचं नका काढू." रस्ता दुतर्फा सारख्या कुंपणांचा होता. पाट्या येत होत्या आणि जात होत्या. आप्पांनी एकही वाचली नाही, किंवा वाचली तरी नजर पुढे ढकलली. मनात एकच वाक्य धरलं होतं आणि ते आता सांडू द्यायचं नव्हतं.

पुढच्या वसाहतीला फाटकाऐवजी आडवा दांडा होता. तिथला वॉचमन तरुण होता, नम्र होता. त्याने फोन काढला, फोटो बघितला, धारवाल्याकडे बघितलं. "तूच ना हा? तुला नाही जाता येणार."

"ती खूण मी केली," आप्पा म्हणाले. आवाज स्वच्छ आला, त्यांनाच नवल वाटलं. "ह्याचा काही संबंध नाही. दुपारी फिरणारा मी, वहीत लिहिणारा मी, खूण करणारा मी. ह्याला जाऊ द्या."

वॉचमनने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग आप्पांच्या पांढऱ्या शर्टाकडे, चष्म्याकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "काका, तुम्हाला कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडेच नाही. मी सांगतोय ते लिहून घ्या."

"दमलात तुम्ही. आत बाकं आहेत, सावली आहे. बसा जरा." त्याने दोरी ओढली. दांडा वर गेला. धारवाल्याने सायकल वळवली. आप्पा मधोमध उभे राहिले, ना पुढे, ना मागे. वॉचमन दोरी धरून वाट बघत होता.

"जा ना काका," तो म्हणाला. "तुम्हाला कोण अडवतंय?"